नियमित नेमबाजीसाठी रायफल कोणती? शिकारीची की निशाण्याची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी फायलींच्या सहवासात उभे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर बोलावून मंडळाने माझा जो गौरव केला आहे, त्याबद्दल मी प्रथम मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो. या मालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वत्तापूर्ण व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीस बंदुकीचा विषय बसविणे काहींना विचित्र वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या स्नेहसंमेलनात आपल्यापैकीच एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊसाहेब, मुलीने नेमबाजी शिकायचा ध्यास घेतला आहे. वडिलांची शिकारीची रायफल घरात पडूनच आहे. तिच्यावर सराव केला तर काय बिघडले?" हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. म्हणून आज हा विषय.

आपले शहर शस्त्रांना अपरिचित नाही. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला आणि त्याच्या व रेल्वेच्या आश्रयाने कितीतरी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. पलीकडे मंडला आणि शिवनीची अरण्ये. त्यामुळे जुन्या पिढीतील अनेक घरांत शिकारीची बंदूक असे. माझ्या वडिलांकडेही .३१५ बोअरची रायफल होती. परवाना घेऊन शिकार करता येत असे, त्या काळातील ती. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले दरवाजे बंद झाले, आणि ती रायफल कपाटात गेली. दर दसऱ्याला वडील ती बाहेर काढीत, तेल लावीत, पूजेत ठेवीत आणि पुन्हा कपाटात ठेवून देत.

वडील निवर्तल्यावर रीतसर अर्ज-विनंत्या करून तो परवाना मी माझ्या नावावर करून घेतला. वडिलांची वस्तू गंजत पडू नये, ही एक भावना. दुसरी अशी की, एवढे सामर्थ्यवान हत्यार हाताशी असता नेमबाजी शिकण्यास आणखी काय हवे? या दुसऱ्या समजुतीतच माझी चूक होती.

शिकारीची रायफल आणि निशाण्याची रायफल या दिसायला बहिणी वाटल्या, तरी त्यांचे जन्मप्रयोजन भिन्न आहे. शिकारीची रायफल वाहून नेण्यासाठी बनविलेली असते. शिकाऱ्याला दिवसभर रान तुडवायचे असते आणि गोळी झाडायची ती एक, फार तर दोन. म्हणून तिची नळी बारीक, वजन बेताचे, आणि काडतूस मात्र जबर. झुडपांतून चालताना चुकून बार उडू नये म्हणून तिचा चापही मुद्दाम जड ठेवलेला असतो. सैन्याच्या .३०३ जातीचे काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या इंग्रजी धोरणातून .३१५ हे माप आपल्याकडे रूढ झाले. यंत्ररचना बहुतांशी त्या लष्करी रायफलीचीच. तिची गोळी मैलभर सहज जाते.

निशाण्याची रायफल ही धरून ठेवण्यासाठी बनविलेली असते. नेमबाजाला रानात हिंडायचे नसते; एकाच जागी उभे राहून, गुडघ्यावर बसून अथवा पालथे पडून तोच तो बार साठ-साठ वेळा काढायचा असतो. म्हणून तिची नळी जाड व वजनदार, चाप अत्यंत हलका, दस्ता नेमबाजाच्या गालाला आणि खांद्याला जुळवून घेता येणारा, आणि उघड्या माशीऐवजी बारीक छिद्रातून पाहण्याची सोय. तिला धक्का जवळजवळ नसतोच. दहा मीटरच्या स्पर्धेत ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. पन्नास मीटरच्या स्पर्धेत.२२ चे लहान काडतूस वापरतात. लहान म्हणून त्याला खेळणे समजू नये. तेही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

आता माझी फजिती सांगतो. क्लबच्या मैदानावर मी मोठ्या ऐटीने वडिलांची रायफल घेऊन गेलो. पहिल्या तीन गोळ्या बऱ्या लागल्या. नळी तापली तशा पुढच्या गोळ्या पसरू लागल्या. दहाव्या गोळीला खांदा ठणकू लागला. तरीही दर रविवारी मी जात राहिलो आणि नेम सुधारण्याऐवजी बिघडत गेला. मी दोष कधी काडतुसांना दिला, कधी वाऱ्याला, कधी नव्या चष्म्याला.

तेथे सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार शिकवीत असत. त्यांनी चार-पाच आठवडे माझा तमाशा मुकाट्याने पाहिला. मग एके दिवशी म्हणाले, "आज रायफल मी भरून देतो." दोन गोळ्या मी झाडल्या. तिसऱ्या खेपेस चाप ओढला, तो नुसताच टक् असा आवाज झाला. त्यांनी आत निकामी काडतूस घातले होते. बार उडाला नाही, परंतु रायफलीचे तोंड मात्र वीतभर खाली गेले आणि माझे डोळे गच्च मिटले. मैदानावरील सर्वांनी ते पाहिले. सुभेदारसाहेब हसले नाहीत. इतकेच म्हणाले, "साहेब, आपण नेम धरण्याचा सराव करीत नाही आहात. आपण दचकण्याचा सराव करीत आहात."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात माझ्या आजच्या भाषणाचे सार आले आहे. नियमित सराव म्हणजे पुनरावृत्ती, आणि पुनरावृत्तीने चांगल्या सवयीइतकीच वाईट सवयही पक्की होते. ज्या हत्याराचा धक्का शरीराला भिववितो, त्याच्यावर शंभर वेळा सराव केला की भीती शंभरपट मुरते. माझे वर्षभराचे रविवार असे वाया गेले, आणि ते दचकणे अंगातून काढण्यास पुढे आणखी एक वर्ष लागले. त्या वर्षात मी हवेच्या रायफलीखेरीज दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पुष्कळदा तर छर्राही न भरता, नुसता नेम धरून चाप ओढण्याचा कोरडा सराव केला. त्याला खर्च नाही, आवाज नाही, आणि स्वतःला फसविण्यास जागाही नाही.

खर्चाचाही विचार गृहस्थाश्रमी माणसाने करावयास हवा. एका मोठ्या काडतुसाच्या पैशांत छऱ्यांच्या कितीतरी फैरी होतात. मोठ्या रायफलीसाठी मागे भक्कम मातीचा बांध असलेले लांब मैदान लागते, तसे मैदान हरएक शहरात नसते. हवेच्या रायफलीला दहा मीटरची बंदिस्त जागा पुरते. परवान्याविषयी लक्षात ठेवावे की, तो ज्याच्या नावे असतो त्याचाच असतो, कुटुंबाचा नव्हे. वडिलांच्या परवान्यावर मुलाबाळांच्या हाती रायफल देणे हा अपराध आहे. ठराविक शक्तीच्या आतील हवेच्या रायफलीला परवान्यातून सूट आहे. पण खरेदीपूर्वी नियम पाहावेत आणि तीही मुलांच्या हाती वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून देऊ नये. आरंभी विकत काहीच घेऊ नये. सहा महिने क्लबची रायफल वापरावी. आवड टिकली तर मग खर्च करावा.

हवेची रायफल म्हणजे पोरखेळ, असे कोणास वाटत असेल तर एवढेच सांगतो की, दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा मध्यबिंदू केवळ अर्धा मिलिमीटर असतो. याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळविणारे ते पहिले भारतीय. आपल्या मुंबईच्या अंजली भागवत याच प्रकारात २००२ साली जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते, हे येथील रेल्वेच्या मंडळींना विशेष आवडेल. यांच्यापैकी कोणाचेही यश जबर काडतुसावर उभे नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर होते. घराणे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी म्हणून जी स्पर्धा नावारूपास आली, ती त्यांच्याच नावाने भरते. घरापासून दूर राहिलेला एक मराठी वकील या खेळाच्या उंबरठ्यावर आपले नाव ठेवून गेला.

शिकारीच्या रायफलीची मी निंदा करीत नाही. आपल्या कामी ती उत्तमच होती, पण ते काम आता उरले नाही. मग वडिलांच्या रायफलीचे मी काय केले, असे आपण विचाराल. पुष्कळ दिवस मला निर्णय घेता येईना. अखेर आईला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या मागे तिची काळजी कोण वाहणार? कपाटाची किल्ली मी चाळीस वर्षे सांभाळली, आता सुनेला ती ओझे नको." मी ती परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर सुपूर्द केली आणि पावती फाइलला लावली. त्या दसऱ्याला पूजेत माझी हवेची रायफल ठेवली. आईने तिलाही हळदकुंकू वाहिले.

ज्या गृहस्थांनी मला प्रश्न विचारला, ते आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. त्यांना माझे उत्तर असे: वडिलांची आठवण जपा, पण मुलीचा खांदा त्या आठवणीखाली देऊ नका. तिला हलकी, न भिवविणारी, निशाण्यासाठीच घडविलेली रायफल द्या आणि तिच्याबरोबर मैदानावर जाऊन बसा.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. आपल्या सभागृहामागील जुने लांबट दालन मी टेप लावून मोजले. ते साडेतेरा मीटर भरले. दहा मीटरचे अंतर आणि नेमबाजाला उभे राहण्यास जागा, दोन्ही त्यात बसतात. मागची भिंत योग्य तऱ्हेने झाकून, दारे बंद ठेवून आणि जाणकाराच्या सल्ल्याने व आवश्यक त्या परवानगीने तेथे दोन लक्ष्ये उभारता येतील. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एवढे झाले, तर शनिवारी संध्याकाळी मुलांना शिकविण्यास मी हजर राहीन. निवृत्तीला आता फार वर्षे नाहीत. वेळ भरपूर असेल.