दात गेले, म्हणून ताट सोडू नका
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

पंचवीस वर्षांपूर्वी पन्नाशीत इथं राहायला आलेले आज पंचाहत्तरीत आहेत. कोल्हापुरात राहून नुसत्या रश्श्यावर भागवणारे काका, भडंगाची बशी हळूच बाजूला सारणाऱ्या काकू मी दातांची डॉक्टर म्हणून नेहमी बघते. विचारलं की म्हणतात, "आता या वयात कशाला खर्च?"

नुसतं वय आड येत नाही. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि कवळी, विशेषतः खालची, सैल होते. स्वीडनच्या डॉ. ब्रोनमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे ओळखलं आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. आज एका जबड्यात चार ते सहा इम्प्लांटवर सगळे दात पक्के बसवता येतात. ते हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात.

एवढा खर्च झेपत नसेल, तर खाली दोनच इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवता येते. हा पर्याय आवर्जून विचारा. मधुमेह, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू, मशेरी, डॉक्टरांपासून काही लपवू नका. इम्प्लांटला कीड लागत नाही. पण रोज स्वच्छता नसेल तर हिरडी सुजून भोवतीचं हाड जातं.

मुला-सुनांना एकच सांगते: आई-बाबांनी गुपचूप काय काय खायचं सोडलंय, ते आज घरी गेल्यावर विचारा.