झाडाखाली घुबडाचं पिल्लू दिसलं तर

मे महिन्याची हाफ-टर्म आली. बरीच कुटुंबं मुलांना घेऊन रिचमंड पार्कला जातील, हरणं बघतील, डबे उघडतील. तिथे एखाद्या ओकखाली, गवतात, राखाडी लोकरीचा गोळा बसलेला दिसला आणि त्याला दोन काळेभोर डोळे असले, तर ते टॉनी आउलचं, म्हणजे इथल्या तपकिरी घुबडाचं पिल्लू समजा. मुलं लगेच म्हणतील, "आई, हे पडलंय, घरी नेऊया ना!"

नेऊ नका. ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. ही पिल्लं उडता येण्याआधीच ढोलीतून बाहेर पडतात आणि फांद्यांवर हिंडतात. त्यात एखादं खाली येतं. चोच आणि नख्या रुतवून, पंख फडफडवत ते खोडावर परत चढतं. आपण बघत उभे राहिलो तर बिचारं हलतच नाही. तेव्हा लांब व्हा, कुत्रा असेल तर त्याचा पट्टा धरा. वाटेवरच बसलं असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि निघा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. जखमी दिसलं तर मात्र पार्कच्या ऑफिसला किंवा आरएसपीसीएला फोन करा. धडधाकट पिल्लू घरी नेणं इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

आणि उचलताना वर लक्ष असू द्या. आई जवळच असते, आणि ती येते तेव्हा पंखांचा आवाज होत नाही. एरिक हॉस्किंग हे पक्ष्यांचे नामवंत छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये अशाच घुबडाच्या घरट्यापाशी त्यांचा एक डोळा गेला. त्यांनी फोटो काढणं सोडलं नाही, आणि आत्मचरित्राच्या नावातही तो डोळा आणला!

घरातल्या आजी म्हणतील, घुबडाचं कसलं कौतुक, ते ओरडलं की कुणीतरी जातं. आजींना सांगा, इथलं घुबड ओरडतं ते जागेच्या भांडणापायी. आता लाडाने भरवलेल्या या पिल्लांना शरद ऋतूत आईबापच हद्दीबाहेर काढतात. मग नवी जागा शोधणारे आणि जुने मालक, दोघंही रात्रभर ओरडतात. एकदा जागा मिळाली की टॉनी आउल सहसा ती जन्मभर सोडत नाही. लंडनमध्ये घर शोधलेल्यांना हे अधिक समजावायला नको.

पुस्तकातलं 'ट्विट-टू' हे बहुधा दोघांचं बोलणं असतं बरं का. तीक्ष्ण 'की-विक' मादीचं, लांब थरथरतं 'हू-हू' नराचं. ते ऐकायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. मोबाईलवर घुबडाचा आवाज लावून त्यांना बोलावू मात्र नका, परका घुसला समजून ती उगाच धावपळ करतात.

पार्कात लिटल आउलही आहे. आपल्या पिंगळ्याचा हा जवळचा नातलग, तसाच बुटका, तसाच दिवसाही फांदीवर बसून आपल्याकडे रोखून बघणारा. एकोणिसाव्या शतकात त्याला युरोपातून इथे आणून सोडलं. म्हणजे तोही आपल्यासारखा बाहेरूनच आलेला! दुपारी जुन्या ओकच्या ढोलीच्या तोंडाशी नजर टाका. उन्हाला बसलेला असतो.