गाठीचं घराणं



१८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत छापली. बसल्या जागी तिच्या छातीत धडधडायला लागे, डोकं भयंकर दुखे, उलट्या होत, जीव घाबरा होई. ती वाचली नाही. शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत गाठी निघाल्या.

दोन्हीकडे का? याचं उत्तर मिळायला १२१ वर्षं लागली. २००७ साली तिच्या घराण्यातल्या हयात नातलगांच्या तपासणीत ‘रेट’ नावाच्या जनुकात दोष सापडला. हे जनुक पेशीला वाढायचा निरोप पोहोचवतं, पण एरवी बाहेरून इशारा आल्यावरच. दोष असला की दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं: दारात कोणी नाही, बेल मात्र वाजतेच आहे. पेशी वाढत जातात, गाठ होते आणि ती ॲड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकं वेळी-अवेळी रक्तात सोडते. जन्मजात दोष अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून एका बाजूला गाठ निघाली की दुसऱ्या बाजूवरही लक्ष ठेवावं लागतं. थायरॉइडचा एक कर्करोगही याच दोषातून होतो, आणि खरी धास्ती त्याचीच.

ॲड्रिनलमधल्या सगळ्याच गाठी वारशाने येतात असं नाही. ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक बनवून रक्तदाब वाढवणाऱ्या बऱ्याच गाठींत ‘केसीएनजे५’ हे जनुक बिघडलेलं असतं. येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने २०११ साली हे दाखवलं. तो बिघाड बहुधा गाठीपुरताच असतो, मुलाबाळांकडे जात नाही.

ॲड्रिनलिनच्या गाठीचं, म्हणजे फिओक्रोमोसायटोमाचं, तसं नाही. जवळपास एक तृतीयांश रुग्णांत जन्मजात दोष निघतो. कधी रेट, कधी व्हीएचएल, कधी एसडीएचबी या जनुकात. म्हणूनच गाठ काढली, टाके सुकले की फाइल कपाटात टाकायची, हे मला पटत नाही. रेटचा दोष मुलामुलींत उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तेव्हा घरात कुणाला अशी गाठ निघाली असेल, तर डॉक्टरांना जनुक-तपासणीबद्दल विचारा. दोष निघाला तर भावंडांना, मुलांना सांगा, लपवू नका. आणि अशा घरातल्या कुणाचंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देण्याआधी रक्तातल्या किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रिनलिन मोडून बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या. न कळलेली गाठ असेल, तर टेबलावरच रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.