रविवारानंतरचे सहा दिवस

ख्रिस्ती मनुष्याची उपासना रविवारीं देवळांत होते. तिची परीक्षा मात्र उरलेल्या सहा दिवसांत, घरीं, बाजारांत आणि पाणवठ्यावर होत असते. ही गोष्ट प्रवचनांतून पुष्कळदां सांगितली जाते, आणि पुष्कळदां ती तेथेंच राहते. बीड जिल्ह्याच्या आष्टी व पाटोदा या तालुक्यांना लागून पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा जामखेड तालुका आहे. मध्यें सरकारी हद्द आहे एवढेंच. दुष्काळ दोहोंकडे सारखाच. तेथें एका ख्रिस्ती दांपत्यानें ही परीक्षा कित्येक वर्षें दिली.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचें शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. १९६० सालीं विवाहप्रसंगीं त्यांनीं खेड्यांतील गरिबांच्या सेवेचा संकल्प केला. अशा मंगल दिवशीं केलेले संकल्प मांडव उतरतांच विसरण्याची रीत जगांत रूढ आहे. ती त्यांनीं पाळली नाहीं. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयांत काम करीत असतां त्यांस असें दिसून आलें कीं, बरें करून घरीं पाठविलेलें मूल त्याच जुलाबानें पुन्हां दारीं येतें. दुखणें मुलाच्या पोटांत असलें तरी त्याचें मूळ पाण्यांत, भुकेंत आणि अज्ञानांत होतें. तेव्हां अमेरिकेंत जाऊन सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकून ते परतले, आणि १९७० सालीं जामखेडास राहिले.

पुढें दुष्काळांत गांवोगांव हातपंप बसविण्याची वेळ आली. पंप कोठें बसवावा हा प्रश्न दिसावयास यंत्राचा, पण खेड्यांत तो जातीचा असतो. आरोळे यांनीं पंप दलित वस्तींत बसविण्याचा आग्रह धरला. ज्यांना विहिरीच्या काठावर चढण्याची बंदी, त्यांच्याच अंगणांत पाटलाच्या घरची घागर भरूं लागली. शोमरोनांतील विहिरीवर ख्रिस्तानें एका परक्या जातीच्या स्त्रीजवळ पाणी मागितलें, ही कथा ख्रिस्ती घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. तिच्यावर भाष्य करणारे फार. तिच्याप्रमाणें पंपाची जागा ठरविणारे थोडे.

परंतु याहूनही कठीण दान पुढेंच होतें. औषध देण्यानें देणाऱ्याचा मान वाढतो. आपली विद्या देऊन टाकल्यानें तो घटण्याचें भय असतें. प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या, परंतु परक्या गांवीं एकटें राहणें त्यांस जड गेलें. मग गांवानेंच आपल्यांतली एक स्त्री निवडावी असें ठरलें. यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. कित्येकींना घरांतही कोणी विचारीत नव्हतें. त्या जामखेडास येत, एकत्र बसून जेवत, आणि बाळंतपण कसें करावें, मुलाचें वजन कसें घ्यावें, जुलाबांत मीठ-साखरेचें पाणी कसें पाजावें, कुष्ठाचा चट्टा कसा ओळखावा, हें शिकून आपापल्या गांवीं परतत. औषधाआधीं कोणाचा धर्म विचारला जात नसे. कुष्ठरोग्यासही इतरांच्याच रांगेंत स्थान असे. १९७१ च्या सुमारास या गांवांत जन्मलेल्या हजार मुलांमागें १७६ पहिल्या वर्षींच दगावत. पुढील कांहीं दशकांत हा आंकडा तीसच्या खालीं आला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः या बायांच्या कष्टांचा म्हटला पाहिजे.

विद्या थोड्यांच्याच हातीं राहिली म्हणजे काय होतें, हें सीमेपलीकडे बीड जिल्ह्यांत दिसून आलें. २०१९ सालीं तेथील ऊसतोड स्त्रियांच्या चौकशीसाठीं राज्य शासनानें समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पोटांत दुखतें म्हणून गेलेल्या बाईनें, मजुरीचा दिवस बुडूं नये या विवंचनेंत, शस्त्रक्रियेस मान डोलवावी, आणि याला दुसरा कांहीं उपाय आहे का हें विचारण्याइतकी माहिती तिला कोणीं दिलेली नसावी! शेजारच्या घरीं जाणती बाई असती, तर कितींनीं आधीं तिचा दरवाजा ठोठावला असता?

मेबलताई १९९९ सालीं आणि रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. काम त्यांच्या मुलांनीं पुढें चालविलें. देशोदेशींचे डॉक्टर जामखेडास शिकावयास येऊं लागले, आणि त्यांस शिकविणाऱ्यांत, कधीं शाळेची पायरी न चढलेल्या त्याच खेड्यांतील बाया बसूं लागल्या.