संत्र्यांचं स्टेशन

आज तुम्हाला स्पेनमधलं एक रेल्वे स्टेशन दाखवते. गाव व्हॅलेन्सिया, समुद्रकाठचं मोठं शहर. स्टेशनाचं नाव ‘उत्तर स्टेशन’, आणि ते आहे जुन्या शहराच्या दक्षिणेला! बांधणाऱ्या रेल्वे कंपनीच्या नावात ‘उत्तर’ होतं, तेच स्टेशनाला चिकटलं.

देमेत्रिओ रिबेस नावाच्या वास्तुविशारदानं ते उभं केलं. काम 1906 साली सुरू झालं, पहिली गाडी सुटायला 1917 उजाडलं. समोरच्या भिंतीवर बघाल तिकडे संत्री, हिरव्या पानांत लगडलेली, पांढऱ्या फुलांसकट, सगळी चिनीमातीची. आत गेलं की रंगीत तुकड्यांची नक्षी. आपण गच्चीवर चायना मोझॅक घालतो ना, त्याच जातीची. त्या तुकड्यांनी भिंतीवर कितीतरी भाषांत एकच गोष्ट लिहिली आहे: प्रवास सुखाचा होवो.

पण संत्रीच का? कारण या भागाचा पैसा संत्र्यांतून येत होता. रेल्वेनं आणि बोटींनी ती फ्रान्स, इंग्लंड, जर्मनीला जायची. स्टेशनावरच्या चित्रांत तिथल्या शेतकरी बायकाही आहेत, ठेवणीतल्या पोशाखात, केसांची छान रचना केलेल्या. मला ती चित्रं आवडतात. पण कामाच्या दिवशी असं नटून कोण जातं?

खरं काम वखारींत चालायचं, आणि तिथे मुख्यतः बायका असायच्या. फळं निवडायची, लहानमोठी वेगळी करायची, एकेक संत्रं पातळ कागदात गुंडाळायचं आणि लाकडी खोक्यात थरावर थर लावायचे. डागी फळ आत राहिलं तर शेजारची नासायची, म्हणून नजर आणि बोटं दोन्ही तयार लागायची. एवढं कसब असूनही मजुरी पुरुषांपेक्षा कमी. शिवाय काम हंगामाचं. संत्री संपली की तेही संपलं. कांदा निवडायला, द्राक्षं पेटीत भरायला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

2010 पासून माद्रिदच्या वेगवान गाड्या जवळच्याच दुसऱ्या नव्या स्टेशनातून सुटतात. आसपासच्या गावांतून माणसं आणणाऱ्या लोकल मात्र अजून या संत्र्यांच्या स्टेशनातच येतात. इथे सगळ्यांनाच उतरावं लागतं, पुढे रूळच नाहीत.