यंत्राचा अंदाज आणि नियमांचा ताळा



कापडाचा जाणकार नुसत्या स्पर्शाने पोत ओळखतो. कसा, हे त्याला सांगता येतेच असे नाही. हिशेबाच्या वहीत मात्र प्रत्येक रकमेमागे नोंद लागते. संगणकाला बुद्धी देण्याचेही असेच दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग नियमांचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्गाच्या निदानासाठी तिच्यात सुमारे ६०० नियम घातले होते. ‘असे असेल तर तसे’ हे त्यांचे स्वरूप. निष्कर्ष कसा काढला असे विचारल्यास ती नियम दाखवीत असे. परंतु मनुष्याने न लिहिलेला नियम तिला ठाऊक नसे.

दुसरा मार्ग ‘न्यूरल नेटवर्क’चा. मेंदूतील पेशींच्या धर्तीवर रचलेले हे जाळे उदाहरणांवरून शिकते; चूक झाली की आपल्या जोडण्यांचे बळ किंचित बदलते. त्याची पारख विलक्षण असते. पण चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देऊ शकते आणि त्यामागचे कारण असंख्य आकड्यांत दडून राहते.

या दोन्ही मार्गांचा एक सुंदर संगम जानेवारी २०२४ मध्ये जगापुढे आला. गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फाजिऑमेट्री’ने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमधील भूमितीच्या ३० पैकी २५ प्रश्नांची सिद्धता ठरलेल्या वेळेत दिली. तिच्यात कामाची वाटणी आहे. एक विभाग नियम लावून निष्कर्ष काढीत जातो. तो अडला की न्यूरल नेटवर्क एखादा नवा बिंदू सुचविते. समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरील कोन समान असतात, हे सिद्ध करताना पायाचा मध्यबिंदू घ्यावा, ही सूचना जाळ्याची. दोन एकरूप त्रिकोणांवरून सिद्धता पूर्ण करणे हे नियमांचे काम. सूचना निरुपयोगी ठरली तर सिद्धता अडते. असत्य मात्र सिद्ध होत नाही.

अर्थात भूमितीचे नियम निश्चित आहेत. रुग्णाचे निदान वा कर्जाची पात्रता यांचे सर्व नियम लिहून काढणे कठीण. तरीही ज्याला कर्ज नाकारले गेले, त्याने कारण विचारणे न्याय्यच आहे. म्हणून असे यंत्र स्वीकारताना त्याचा वेग जरूर पाहावा; त्याचबरोबर त्याच्या उत्तराचा ताळा कोण करतो, हेही विचारावे. अंदाज यंत्राने खुशाल करावा. परंतु नोंदीवाचून रक्कम जमा धरू नये.