दार उघडा, पण वर्ग बुडवून नको



मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होते. बाहेरगावच्या सामन्यामुळे माझं एक प्रॅक्टिकल बुडालं, ते पुन्हा घ्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आजचा प्रश्न अमेरिकेतला असला तरी मला परका वाटत नाही.

गोऱ्यांच्या कॉलेजांनी दारं बंद ठेवली, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी १९१२ साली स्वतःची क्रीडा संघटना उभी केली. १९७० मध्ये ‘मिड-ईस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स’ आली. तिच्यातून २०१८ मध्ये हॅम्प्टन गेलं, २०२१ मध्ये आणखी तीन विद्यापीठं गेली. आता आठ उरलीत. नवे सदस्य घ्यावेत का?

माझं मत, घ्यावेत. कॉन्फरन्सच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते, आणि त्यासाठी किमान सदस्यसंख्येची अट आहे. याच वाटेने नॉरफोक स्टेट २०१२ मध्ये तिथे पोचलं आणि दुसऱ्या मानांकनाच्या मिझुरीला ८६-८४ असं हरवून आलं. सदस्य घटत गेले, तर ही वाटच बंद होईल.

पण माझ्या दोन अटी आहेत. कॉलेज बसने जाता येईल इतकं जवळचं हवं. आणि सामन्यामुळे बुडालेली परीक्षा पुन्हा घेण्याचा नियम लेखी हवा. या मुलांपैकीही अनेकजण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. त्यातले फार थोडे व्यावसायिक खेळाडू होतील. बाकीच्यांना पदवीवरच उभं राहायचंय, तुमच्या-माझ्यासारखं.

जय भीम.